पहिल्या पसंतीचं कॉलेज

दरवर्षी जून उजाडला की पेपरात कॉलेजांची क्रमवारी छापून येते. अमुक पहिलं, तमुक सत्ताविसावं, आणि खाली बारीक अक्षरात ज्यांची नावं कोणी वाचत नाही अशी शंभरेक. ते पान पाहिलं की माझं डोकं सणकतं. क्रमवारी कोणीतरी लावणारच, त्याला माझी ना नाही. पण त्या आकड्यांचा जो रुबाब असतो ना, तो मला सहन होत नाही. मी जिथे शिकले ते कॉलेज अशा कुठल्या यादीत कधी आलं नाही आणि येणारही नाही. तरी सरकारी कागदावर ते माझ्या पहिल्या पसंतीचं कॉलेज म्हणून नोंदलेलं आहे. ते तसं कसं नोंदलं गेलं ही आमच्या घरातली गोष्ट आहे. ती आठवली की अजून थोडा राग येतो, आणि रागापेक्षा माया जास्त येते.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसचे. वडील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, फाटकातून आत आली की ते तिच्यावर चढायचे. वरून एक मूठ घ्यायचे, मधून एक, आणि मग हात खांद्यापर्यंत खुपसून तळातून एक. चिमटीत धागा ओढून त्याची लांबी पाहायची, किडकी कवडी किती, पाला किती, ओल किती ते पाहायचं आणि नंबर सांगून मोकळं व्हायचं. त्यांनी नंबर सांगितला की व्यापारी पुढे बोलत नसे आणि कास्तकारही सहसा बोलत नसे. दुसरे ग्रेडर वरची मूठ पाहून भाव पाडतात, हा तळाची पाहिल्याशिवाय बोलत नाही, एवढी त्यांची ख्याती. घरातसुद्धा कांदे, पातळं, जावई, सगळ्याला नंबर लावायची त्यांना खोड होती. आईच्या वरणाला ते खूश असले की "एक नंबर" म्हणायचे आणि नसले तर काहीच म्हणायचे नाहीत.

मी सांगते ती वर्षं कापसाने आमच्या जिल्ह्याचं नाव मुंबई-दिल्लीच्या पेपरांत नेलं तेव्हाची. बाहेरची माणसं गाड्या करून यायची, वावरात उभी राहून फोटो काढायची, जायची. आम्ही इथेच असायचो. आमच्या घरापुरता त्याचा अर्थ इतकाच होता, की पूर्वी दसऱ्याला सुरू झालेलं जिन होळीपर्यंत धडधडायचं, ते आता संक्रांतीलाच थंड पडायला लागलं. वडील मग उरलेले महिने अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नंबर लावायचे.

बारावीला मला चांगले मार्क पडले. मला शेतकीचं शिकायचं होतं. लोक म्हणत, एवढे मार्क असताना मातीत कायले जाते पोट्टी? पण बंडीतल्या त्या तिसऱ्या मुठीत काय असतं, एका वावरातला कापूस लांब धाग्याचा आणि शेजारच्या वावरातला आखूड का निघतो, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं होतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, "ते मले समजत असतं तं मी कायले बंड्यावर चढलो असतो?"

विद्यापीठाची माहितीपुस्तिका यवतमाळहून आणली आणि आमच्या घरात एक नवीन भाषा शिरली. विद्यापीठ एकच, पण त्याच्या पोटात कॉलेजांच्या किती जाती! काही घटक महाविद्यालयं, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची. लोक त्यांनाच सरकारी म्हणायचे. मग संलग्न. संलग्नमध्ये अनुदानित, विनाअनुदानित, आणि सगळ्यांत शेवटी कायम विनाअनुदानित. वडील सगळी नावं मोठ्याने वाचत गेले आणि या शेवटच्या नावावर अडले.

"कायम कायले लिवलं?"

"सरकार त्यायले कधीच पैसे देणार नाही, म्हणून," मी म्हटलं.

"बरं. म्हणजे जलमभर कोरडवाहू."

तेव्हापासून आमच्या घरात घटक कॉलेजला ओलिताचं, अनुदानितला पाटाच्या पाण्याचं, म्हणजे आलं तर आलं, आणि कायम विनाअनुदानितला कोरडवाहू अशीच नावं पडली. इतकी वर्षं शेतकी खात्यात काढूनही मला शासनाच्या शब्दांपेक्षा हीच नावं बरोबर वाटतात.

नावांचं जमलं, पण फीच्या रकान्याने वडिलांना दोन दिवस झोपू दिलं नाही. विद्यापीठ एक, अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, आणि शेवटी हातात पडणारा कागदही एकच. पण ओलिताच्या कॉलेजची वर्षाची फी म्हणजे वडिलांची पंधरवड्याची कमाई, आणि कोरडवाहूची म्हणजे अख्ख्या हंगामाची. "चांगल्या मालाले कमी भाव न हलक्याले जास्त? असं कोनत्या बाजारात असते?" त्यांना आधी वाटलं छापणाऱ्याने रकाने उलटेपालटे केले. मग वाटलं, सरकारी आहे म्हणून फरदड असेल, शेवटच्या वेचणीचा कवडीयुक्त माल, कोणी घेईना म्हणून स्वस्त. सरकारी कापूस खरेदीच्या रांगा आणि महिनोन्‌महिने न मिळणारे चुकारे त्यांनी पाहिले होते, त्यामुळे "सरकारी" या शब्दावर त्यांचा फारसा विश्वासच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना पुस्तिकेच्या मागच्या पानावर एक तक्ता सापडला. कोणत्या कॉलेजात मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला. त्यांनी त्या रकान्यावरून बोट फिरवलं, खाली आणलं, परत वर नेलं, आणि मला हाक मारली.

"पाय माय, हा आहे खरा भाव. फीचा रकाना इसरून जाय. ज्याच्यापाशी मार्क आहे त्यानं मार्क द्याचे, ज्याच्यापाशी मार्क नाही त्यानं पैसे द्याचे. ओलिताचं कॉलेज स्वस्त नाही. ते सगळ्यात महाग आहे. फक्त रुपयात घेत नाहीत."

मी आजवर शिक्षणावरची पुष्कळ भाषणं ऐकली. एवढ्या थोडक्यात कोणी सांगितलेलं आठवत नाही.

मग त्यांना चेव चढला. नुसत्या गुणांच्या तक्त्यावर त्यांचं समाधान होईना. ती वरची मूठ झाली, म्हणाले. ते सलग चार दिवस बस स्टँडवर जाऊन बसले आणि येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला चहा पाजून विचारत राहिले. तुमच्या रस्त्यावर अमुक कॉलेज लागते का? पोट्टे किती वाजता उतरते? वर्गात जातात का फाटकासमोरच्या टपरीवर बसतात? कॉलेजच्या वावरात पीक उभं दिसते का तण? प्राध्यापक तुमच्या गाडीनं येते का? रोज येते का? एवढं सगळं जमवून त्यांनी एका संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठ कॉलेजांची यादी केली, एक नंबरपासून आठ नंबरपर्यंत. आज मी त्याच क्षेत्रात काम करते आणि शपथेवर सांगते, पेपरातल्या कुठल्याही क्रमवारीपेक्षा ती यादी खरी होती.

एक नंबरचं कॉलेज ओलिताचं होतं. मोठं, जुनं, शेकडो एकर शेतीचं, मुलींच्या वसतिगृहासकट. त्याच्या मागच्या वर्षीच्या शेवटच्या गुणांपेक्षा माझे गुण जास्त होते. फार नाही, पण जास्त. म्हणजे ती जागा माझीच होती. आईने त्याच दिवशी माझी गादी उसवून कापूस पिंजायला दिला, वसतिगृहात थंडी फार असते म्हणून. आणि ती जागा मिळाली नाही तर काय, हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. कोरडवाहूची फी आम्हाला झेपणारी नव्हती.

आता फॉर्म. फॉर्मवर आठ रकाने होते, एकाखाली एक, आणि वर लिहिलं होतं, पसंतीच्या प्राधान्यक्रमाने भरा.

इथे आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. बाहेरगावच्या सूतगिरणीचा माणूस रुई घ्यायला जिनात आला, की त्याच्यापुढे कागदात गुंडाळलेले नमुने मांडतात. पहिला नमुना सगळ्यात हलका ठेवायचा. तो नाक मुरडतो. मग त्याहून बरा. मग त्याहून बरा. सगळ्यात चांगला माल शेवटी काढायचा, तोही जरा अनिच्छेने, हा दुसऱ्यासाठी ठेवला होता असा चेहरा करून. तोवर त्याची नजर हलक्या मालाला सरावलेली असते, शेवटचा नमुना त्याच्या डोळ्यांत भरतो. पहिलाच नमुना चांगला दाखवणाऱ्याला दिग्रसच्या बाजारात कोणी शहाणा म्हणत नाही.

वडिलांनी पेन माझ्या हातात दिला आणि यादी खालून वर सांगायला सुरुवात केली. पहिल्या रकान्यात आठ नंबरचं कोरडवाहू.

"बाबा, इथं प्राधान्यक्रम म्हटलं आहे."

"हव ना. मी काय करून राह्यलो मंग? क्रमच लावून राह्यलो."

"पण पयले चांगलं लिवाचं असंन."

"तुले बाजार समजत नाही. पयल्याच रकान्यात सरकारी लिवलं का त्यायले समजते, या पोट्टीले याच्याशिवाय दुसरं चालतच नाही. मंग ते अडवते. खाली ठेव. वाचत वाचत खाली येतीन, न म्हणतीन, बाप्पा, इतके मार्क न इतक्या हलक्या कॉलेजात कशी टाकाची? देऊन टाका शेवटचं."

आई चुलीपाशी बसून म्हणाली, "अवो, कोन्या मास्तरले तं विचारा." वडील म्हणाले, मास्तरने कधी कापूस विकला का? आईने तव्यावरची भाकरी उलटली. मला शंका आली होती, नाही असं नाही. पण या माणसाला बाजारात कोणी फसवल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी माझ्या चांगल्या अक्षरात, शाईने, आठ नंबरचं कॉलेज पहिल्या रकान्यात लिहिलं आणि एक नंबरचं आठव्या. यवतमाळच्या केंद्रावर फॉर्म घेणाऱ्या बाईंनी सगळे रकाने भरलेत ना एवढं पाहिलं आणि शिक्का मारला.

यादी लागली त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या एसटीने यवतमाळला गेलो. भिंतीवर कागद चिकटवले होते. माझं नाव लवकरच सापडलं, गुण चांगले असल्यामुळे वरतीच होतं. नावापुढे कोरडवाहू कॉलेजचा क्रमांक होता. मी तो तीनदा वाचला. मग टेबलाशी बसलेल्या कारकुनाकडे गेले. त्याने माझा फॉर्म नंबर पाहिला आणि तोंडभरून हसला.

"अभिनंदन! पहिली पसंती मिळाली तुमाले. लय कमी लोकायले भेटते."

वडील पुढे झाले. "साहेब, खालचं कोनी पाह्यलंच नाही का?"

"खालचं कायले पाहाचं काका? वरचंच भेटलं ना."

"नाही, पण खालीच चांगलं ठेवलं होतं आमी."

कारकुनाने फॉर्म पुन्हा पाहिला. या वेळी नीट, रकान्यामागून रकाना. त्याचं हसू हळूहळू गेलं. माणूस वाईट नव्हता. तो आत साहेबांकडे जाऊन आला, दुसऱ्या एका टेबलाशी बोलून आला. पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेरीत नाव राहत नाही, असा नियम होता. नियम पुस्तिकेत छापलेला होता आणि आम्ही तो वाचलाही होता. त्याने मला एक नंबरच्या कॉलेजची यादी दाखवली नाही, पण ती भिंतीवर होतीच. शेवटच्या मुलीचे गुण माझ्यापेक्षा कमी होते.

परतीच्या गाडीत जागा असूनही वडील उभे राहिले. दारव्ह्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरले, नळाखाली तोंड धुतलं, परत चढून माझ्या शेजारी बसले. "माय," म्हणाले, "लोकाच्या कापसाचं मी आजलोक खराब केलं नाही. तुहं केलं." मला त्यांची दया यायला हवी होती, पण नाही आली. मला इतका राग आला होता, की मी दिग्रस येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. घरी येऊन मी पिंजून आणलेल्या गादीवर पडून रडले. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि तेही मला बोल म्हणत नव्हते.

चौथ्या दिवशी आईने मला जिनात पाठवलं. हंगाम नव्हता, पण यंत्रांची दुरुस्ती चालली होती आणि वडील तिथे जाऊन बसायचे. त्यांची चष्म्याची डबी घरी राहिली होती. जिनाचे फिटर चाचा, आमच्याच गल्लीतले, रोलर खोलून बसले होते. चार-सहा हमाल होते. चाचांनी मला पाहून विचारलं, "क्या ग्रेडर साब, बेटी का नंबर किधर लगा?" वडिलांनी मान खाली घातली. ज्या माणसाच्या एका शब्दावर बंड्या रिकाम्या होत, त्याची मान मी त्या लोकांपुढे खाली गेलेली पाहिली आणि माझा तीन दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला.

"चाचा, मले जे पाहिजे होतं तेच भेटलं," मी म्हटलं. "मीच पयल्या नंबरवर लिवलं होतं. पयली पसंती आहे. कागद दाखवू का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. "अच्छा किया बेटी," म्हणाले आणि पुन्हा रोलरमध्ये डोकं घातलं. तेव्हापासून हीच आमच्या घराची अधिकृत हकीकत झाली. कोणी विचारलं की मी ताठ मानेने सांगायची, मलाच ते कॉलेज हवं होतं, तिथे वर्ग लहान असतात, प्राध्यापक तरुण असतात. सांगून सांगून मी त्यात पटाईत झाले.

फीचं काय झालं ते सांगते. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादकडे तेव्हा जिनं जास्त दिवस चालायची. वडील जन्मात दिग्रस सोडून कामाला गेले नव्हते, ते दिवाळी झाली की पलीकडे जायचे ते थेट उन्हाळ्यात परत यायचे. चार वर्षं. तिकडची भाषा येत नव्हती, तिकडचं तिखट सोसत नव्हतं. पुस्तिकेतल्या फीच्या रकान्यात जो आकडा होता तो खोटा होता, असं मला तेव्हा कळलं. खरा आकडा म्हणजे आईने एकटीने काढलेले चार हिवाळे.

कॉलेज मात्र, खरं सांगते, मला आवडलं. इमारत अर्धी विटांची, अर्धी पत्र्याची. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक दोनच, त्यातल्या एकाला दोरा बांधलेला. पण प्राध्यापक खरंच तरुण होते आणि आमच्याबरोबर वावरात उतरायचे, कारण मजूर लावायला संस्थेकडे पैसेच नसायचे. सरकारी कॉलेजच्या मुलांनी निंदण-खुरपण पाहिलं, आम्ही केलं. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव ठळक आहे. कॉलेज कुठलं, किती पैसे भरले, याचा त्यावर कुठेही उल्लेख नाही. कॉइन बॉक्सवरून वडील रविवारी फोन करायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, कॉलेज कसं आहे? मी म्हणायची, एक नंबर. पलीकडे ते काहीच म्हणायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आले होते. जूनचे दिवस, वडीलही आदिलाबादहून परतले होते. सकाळी मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते आणि ओसरीवर कोणी तरी आलं. आमच्या जिनात हमाली करणारे एक मामा होते, जवळच्या तांड्यावरचे. ते त्यांच्या मुलीला घेऊन आले होते. तिच्या हातात तीच माहितीपुस्तिका. मला वाटलं आता मला बोलावतील, म्हणून मी हात धुवायला उठले. तेवढ्यात वडिलांचा आवाज आला.

"बस पोरी. पुस्तक मंग उघड, पयले मी काय सांगतो ते आयक. माही पोट्टी हुशार होती. एक नंबरच्या कॉलेजची जागा तिची होती. मी शहाणपणा केला. चांगलं कॉलेज खाली लिवाले लावलं, जसं आपुन जिनात नमुने मांडतो तसं. तिची जागा गेली. तिनं गावात सांगतलं का तिनंच लिवलं, माही इज्जत राखाले. पण तिनं नाही लिवलं, मी लिवलं. तू सगळ्यात चांगलं पयल्या रकान्यात लिवजो. कोनी काही म्हनो, तुहा बाप म्हनो, मी म्हनो, पयलं तेच."

मी तशीच पिठाच्या हातांनी उभी राहिले. मामा म्हणाले, "मागच्या साली पन तुमी त्या दुसऱ्या पोराले हेच सांगतलं म्हने." वडील म्हणाले, "जो येते त्याले सांगतो."

म्हणजे मी दोन वर्षं ताठ मानेने जे गावभर सांगत होते, ते खोटं आहे हे गावाला माझ्या वडिलांनीच सांगून ठेवलं होतं, आणि गाव मला "हो का, बरं झालं" म्हणत ऐकून घेत होतं. चाचासुद्धा! मला आधी भयंकर लाज वाटली. मग हसू आलं. आणि मग त्या माणसावर इतकी माया दाटून आली, की मी बाहेर न जाता पुन्हा पीठ मळायला बसले. तेवढ्या पिठाला मळण्याची काहीच गरज उरली नव्हती.

त्या मुलीला ओलिताच्या कॉलेजात जागा मिळाली. एक नंबरच्याच. ती पेढे घेऊन आली तेव्हा मला तिचा हेवा वाटला, हे लपवत नाही. तिने माझ्या पाया पडायला वाकावं आणि मी तिला नीट आशीर्वादही देऊ नये, असं झालं. मामांना हंगामाआधीच्या कामातून सुटी मिळेना, आणि त्यांना त्या मोठ्या कॉलेजात जायची धास्तीही वाटत होती. मले तिथलं काही समजत नाही ग्रेडरभाऊ, तुमीच जा, म्हणाले. वडील तिची पेटी घेऊन तिला पोचवायला गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले. जेवायला बसले आणि न थांबता बोलत राहिले. फाटक केवढं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं कसली, कापसाचं वावर कुठवर पसरलेलं, वसतिगृहाच्या खोलीला खिडक्या किती, पाणी किती वेळ येतं. पाहिलं ते सगळं त्यांनी मला एकेक करून सांगितलं. मग पाणी प्यायले.

"होस्टेलच्या वॉचमननं रजिस्टरात लिवाले विचारलं, पोट्टी कोन लागते तुमची," म्हणाले. "मी म्हटलं, माही पोरगी आहे."

आणि माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं.

"बरं केलं बाबा," मी म्हटलं.